मामा, दहा दिसतोय का?

भाचीनं धनुष्य हातात घेतलं तेव्हा सगळ्या घरानं तिचं कौतुक केलं. खर्चाची वेळ आली तेव्हा सगळ्या घरानं मिळून मामाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मामा सांगलीत, भाची साताऱ्यात आणि मधे नुसतं कऱ्हाड. एवढ्या अंतराच्या आडोशाला मामाला लपता येत नाही. "मामा, स्पॉटिंग स्कोप लागेल," असा फोन आलाच. म्हणजे लांबच्या बोर्डावरचा बाण दाखवणारी दुर्बीण.

साताऱ्यात ही मागणी आता कुणाला जगावेगळी वाटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला सतरा वर्षांच्या अदिती स्वामीनं अंतिम सामना 149-147 असा मारून कंपाऊंड धनुष्याचं जागतिक विजेतेपद आणलं. मूळ नागपूरचा, पण साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंतांकडे घडलेला ओजस देवतळे त्याच दिवशी 150 पैकी 150 करून जिंकला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तर त्याआधीच टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. तेव्हापासून इकडे पोरगं उन्हात एक डोळा मिटून उभं राहिलं, तरी आईबाप मैदानाचा पत्ता विचारतात.

भाची रिकर्व्ह धनुष्यवाली. लक्ष्य 70 मीटरवर, कागद 122 सेंटिमीटरचा, त्यातला दहाचा गोल 12.2 सेंटिमीटर आणि बाण शिसपेन्सिलीपेक्षा बारीक. "सहा बाण झाले की उपटायला चालत जायचंच असतं ना, तेव्हा बघावं," असं दाजींचं मत. पैसे वाचवणारं कुठलंही मत दाजींना आधीपासून पटलेलंच असतं. पण पहिला बाण कुठं गेला ते कळलं, तर धनुष्यावरची साइट सरकवून उरलेले पाच वाचवता येतात. चालत गेल्यावर कळतं ते फक्त नुकसान.

सांगलीत दुकानदारानं 20 ते 60 पट, भिंग 60 मिलिमीटर, असा खोका पुढं केला. "साठ पट, साहेब! चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"तिला चंद्रावर बाण मारायचा नाहीये."

हिशेब साधा आहे. 20 पटीला 70 मीटरवरचा बोर्ड साडेतीन मीटरवर आल्यासारखा दिसतो, भोक दिसायला तेवढं पुरतं. 60 पटीला तो सव्वा मीटरच्याही अलीकडे येतो. इतका जवळ आणायचा तर बाण हातानंच खुपसावा. शिवाय भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाची जाडी मिळते. 20 ला 3 मिलिमीटर, 60 ला जेमतेम 1. चित्र मोठं होतं आणि काळवंडतं. त्यात एप्रिलची सांगली-साताऱ्याची झळ! बाणाबरोबर तीही साठ पट वाढते, बोर्ड नाचायला लागतो आणि प्रत्येक बाण दहात गेल्याचा आनंद होतो. तो बोर्डापाशी पोचेपर्यंतच टिकतो.

सरळ नळीचा की 45 अंशांत वाकलेला, यावर घरात दोन तट पडले. मी वाकलेल्याच्या बाजूचा. तिपाई बुटकी ठेवता येते, पोरीला पाय न हलवता नुसती मान झुकवून बघता येतं. सरळ नळी दाजींच्या उंचीला लावली की भाची चवड्यांवर. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का, तेही दुकानातच बघून घ्यावं, कारण पालक बहुतेक चष्म्याचे. आणि पटीवर वाचवलेले पैसे तिपाईवर घालावेत. किरकोळ तिपाईवरचा भारी स्कोप वाऱ्यात थरथरतो आणि दोष बिचाऱ्या पोरीच्या हाताला लागतो.

नवा स्कोप मैदानावर लागला, तेव्हा भाचीचे सर मागून त्यातून बघून म्हणाले, "आठ, सात वाजता."

दाजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आत्ता तर साडेआठ झालेत."

बोर्ड म्हणजे घड्याळाची तबकडी धरायची, बाण आठच्या गोलात, जिथं सात वाजतात तिथं, म्हणजे खाली डावीकडे, हे त्यांना समजावेपर्यंत पुढचे दोन बाण गेले.

पण 20 पटीचा सगळ्यात मोठा फायदा दुकानदाराला ठाऊकच नव्हता. एवढ्या पटीला दिसणारं वर्तुळ ऐसपैस असतं. नळी केसभर सरकवली की शेजारचा बोर्ड अर्धामुर्धा आत येतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मैदानावरचा प्रत्येक स्कोप आपल्या लेकरासाठी विकत घेतलेला असतो आणि शेजारच्या लेकरावर रोखलेला असतो.

"त्या पिवळ्या पिसांवालीला दोन नऊ लागले," भाचीची आई, म्हणजे आमची अक्का, डोळा न काढता म्हणाली.

"आणि आपलीला?"

"थांब की जरा. तिचा तिसरा तर जाऊ दे."