हरकतदार

इंग्लंडातल्या एखाद्या वस्तीत कोपऱ्यावरच्या टेकअवेच्या काचेवर फिकट निळा कागद लागला, की त्या गल्लीत एक हरकतदार जन्माला येतो. आदल्या दिवसापर्यंत तो साधा निवृत्त गृहस्थ असतो. कुंड्यांना पाणी घालतो, शेजाऱ्याला हवा कशी आहे ते सांगतो. कागदावर एवढंच असतं, की दुकानाला रात्री अकरानंतर घरपोच खाणं पाठवण्याचा परवाना हवा आहे, कुणाचं काही म्हणणं असेल तर 28 दिवसांत लेखी कळवावं. बाकीचे लोक त्या काचेत आपला भांग बघून पुढे जातात. हा मात्र फोटो काढून घरी येतो आणि 2003 चा परवाना कायदा वाचायला बसतो. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात गरम खाणंपिणं विकायचं तर परवाना लागतो, गार असेल तर लागत नाही, हे त्याला तिथे कळतं. म्हणजे साडेअकराला गार सँडविच निष्पाप आणि गरम चिप्स कौन्सिलच्या अखत्यारीत. कुणालाही यावर हसू येईल. हरकतदार मात्र त्याखाली लाल रेघ ओढतो.

त्याच्या मनातल्या खऱ्या तक्रारी म्हणजे घराची किंमत उतरेल, गाडी लावायला जागा उरणार नाही आणि गल्ली पूर्वीसारखी राहिली नाही. पण घराच्या किमतीशी या कायद्याला कर्तव्य नाही. त्याचे हेतू चारच: गुन्हे व बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांना हानीपासून जपणं. मग पार्किंगची तक्रार सुरक्षिततेच्या खात्यात जाते, कांदा तळल्याचा वास उपद्रवात आणि उरलंसुरलं सगळं मुलांच्या नावावर. पुरावा म्हणून तो नोंदवही ठेवतो: ‘11.42, मोपेड, मागे शिकाऊचा लाल एल, इंजिन चालू, स्वार फोनवर. 11.47, दुसरी मोपेड, पहिल्याशी गप्पा.’ झोपमोड होते हे सिद्ध करण्यासाठी माणूस रोज एकपर्यंत जागा! हे कसब तो नव्याने शिकतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र ते शिकावं लागत नाही. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभांमध्ये त्याची तालीम आधीच झालेली असते.

अशा माणसाला हसावं, जरूर हसावं. पण हसून झाल्यावर कायदा पुन्हा वाचावा. रीतसर आलेल्या अर्जावर पोलीस, पर्यावरण-आरोग्य खातं किंवा रहिवासी यांपैकी कुणीच ग्राह्य हरकत घेतली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. नाकारायचा अधिकारच उरत नाही, मग अर्जात पहाटे पाचची वेळ मागितलेली का असेना. म्हणजे या यंत्रणेचं ब्रेकचं पेडल बाहेर, रस्त्यावर बसवलेलं आहे, आणि त्यावर पाय ठेवायला कुणीतरी रिकामटेकडा लागतो. खात्यांपुढे शहरभरचे अर्ज असतात. मागच्या बोळात मोपेडचा आवाज कसा घुमतो हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. हरकत आली की सुनावणी होते, आणि परवाना नाकारण्याखेरीज त्याला अटी घालण्याचा मार्गही तिथेच खुला होतो: स्वारांनी इंजिन बंद करून दुकानात थांबावं, अकरानंतर काउंटर बंद ठेवून फक्त डिलिव्हरी करावी, रिकाम्या बाटल्या रात्री कचऱ्यात ओतू नयेत.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. रात्रपाळीची नर्स किंवा टॅक्सीवाला गरम घासाला मुकतो, आणि दिवसा सुनावणीला यायला त्याला सवड नसते. सवड फक्त हरकतदाराला. हे खरंच आहे. म्हणून तर हरकतीची योग्य फलश्रुती अट हीच आहे, बंदी नव्हे. इंजिन बंद ठेवल्याने कुणाचा कबाब गार होत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. असली कितीतरी दुकानं बांगलादेशी, तुर्की, चिनी कुटुंबं चालवतात, आणि ‘गल्लीचं वळण बिघडतं’ या वाक्यात कधी कधी मालकाच्या रंगाबद्दलची नापसंती दडलेली असते. पण त्या चार हेतूंची जाचक वाटणारी चौकट इथेच कामाला येते. मनातल्या अढीला तिथे वेळ, जागा आणि आवाज यांचा हिशेब द्यावा लागतो. तो देता आला नाही तर ती निकालात टिकू नये. निव्वळ खोडसाळ हरकत तर कौन्सिल विचारातच घेत नाही, आणि निकाल पटला नाही तर मॅजिस्ट्रेटचं दार दोघांनाही उघडं असतं.

तिसरा आक्षेप उरतो: हा गृहस्थ स्वतःच मध्यरात्री फोनवरून जेवण मागवतो, फक्त दुसऱ्या गल्लीतल्या दुकानातून. आहेच तो दुटप्पी. पण दुटप्पी माणसाचीही झोप खरी असते, आणि त्याच्या हरकतीने आलेली अट शेजारच्या तान्ह्या बाळालाही लागू पडते. शिवाय परवाना मिळाल्यावर त्याचा दुटप्पीपणा आपोआप मिटतो. इतक्या कष्टाने लिहवून घेतलेल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे बघायला कुणीतरी रात्री साडेबाराला त्याच दुकानातून चिकन मागवायला हवं. आणि ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकणं त्याच्या नागरी कर्तव्यबुद्धीला पटत नाही.