विमान कंपनीच्या नावे डेबिट नोट

चाकणला उशीर मिनिटांत मोजतात आणि रुपयांत वसूल करतात. आमची कंपनी तिथल्याच महाळुंग्याला आहे. आम्ही प्रेस पार्ट करतो, म्हणजे पत्रा ठोकून असे ब्रॅकेट बनवतो जे गाडीच्या पोटात कुठेतरी बसतात आणि गाडी भंगारात जाईपर्यंत कुणाला दिसत नाहीत. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हल्ली गोडाऊन फारसं ठेवत नाहीत. आमचा टेम्पो हेच त्यांचं गोडाऊन. टेम्पो दोन तास उशिरा पोचला की तिकडे लाईन थांबते आणि इकडे मेलवर डेबिट नोट येते. ‘साहेब, ट्रॅफिक होतं’ हे कारण चाकणमध्ये कारण म्हणून धरत नाहीत. मग एट-डी रिपोर्ट भरायचा. त्यात ‘असं का झालं’ हे पाच वेळा विचारून मूळ कारण खणून काढायचं, पुन्हा होणार नाही असं लिहून द्यायचं, आणि आठव्या रकान्यात टीमचं अभिनंदन करायचं. हा शेवटचा रकाना कुणी ठेवला ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. बावीस वर्षं मी डिस्पॅच सांभाळतोय. उशिराची माफी मागण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

अशा माणसाला कंपनीने गेल्या सप्टेंबरात श्टुटगार्टला पाठवलं. नव्या ब्रॅकेटचे बारा नमुने तिथल्या परचेसवाल्यांच्या हातात द्यायचे, चहा प्यायचा आणि परत यायचं.

खरं तर हे विमान मला कंपनीच्या गेटवरूनच मिळायला हवं होतं. आंतरराष्ट्रीय विमानतळ चाकणला होणार हे ऐकत आमच्या इथली एक पिढी प्लॉट घेत आणि विकत म्हातारी झाली. जागा पाहिल्या, डोंगर आडवे आले, जमिनीला विरोध झाला, आणि २०१६ साली विमानतळ पुरंदरला गेला. तिथेही अजून विमान उतरलेलं नाही. म्हणजे विमान सोडा, आमचा विमानतळच इतका लेट आहे. पुण्याला आहे ती लोहगावची धावपट्टी, तीही हवाई दलाची. तिथून २००८ साली लुफ्तान्साने थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केलं होतं, तेही सगळं बिझनेस क्लासचं. आमच्या भागातल्या जर्मन साहेबांची सोय! आता तेही नाही. त्यामुळे माझ्यासारख्या निगडीत राहणाऱ्या माणसाने युरोपात जायचं म्हणजे बहुधा आधी मुंबई गाठायची.

विमान रात्री दोन चाळीसचं, आखातात बदलून पुढे फ्रँकफर्टला. मी संध्याकाळी सहालाच निघालो. घाटात अडकायचा वेळ धरला होता, पण त्या दिवशी घाट रिकामा! साडेनऊला विमानतळावर. डिस्पॅचवाल्याला माल वेळेआधी पोचला की संशय येतो. तो खरा ठरला. मोबाईलवर मेसेज होता : विमान पावणेचारला.

पावणेचारचे सव्वापाच झाले, सव्वापाचचे पावणेसात. गेटजवळ चिंचवडच्या ज्येष्ठांचा एक ग्रुप युरोप टूरला निघाला होता. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. पहिल्या मेसेजला ते हळहळले, दुसऱ्याला चिडले, तिसऱ्याला काकूंनी डबे उघडले. त्यातले एक काका टेल्कोतून रिटायर झालेले. त्यांनी नियम तोंडपाठ करून आणले होते.

‘हे बघा,’ ते मला म्हणाले, ‘डीजीसीएचा नियम आहे. रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधलं विमान सहा तासांपेक्षा जास्त लेट झालं तर हॉटेल द्यायला लागतं.’

‘मग मागू या की!’

‘सहा तास होऊ तर देत.’

शेवटची वेळ आली ती साडेआठची. काकांनी बोटांवर हिशेब केला. पाच तास पन्नास मिनिटं. सहाला दहा कमी. मला त्या अनोळखी विमान कंपनीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. एवढा काटेकोर उशीर आमच्याकडे एकाही टेम्पोला जमलेला नाही.

हॉटेल गेलं, पण एक कुपन मिळालं. त्यावर एक सँडविच आणि एक पाण्याची बाटली. सँडविच फ्रीजमधून थेट आलं होतं. ते हातात धरून बसलो असताना मला आमच्या चाकणच्या संग्रामदुर्गाची आठवण झाली. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेला त्या एवढ्याशा भुईकोटापुढे पन्नासहून जास्त दिवस ताटकळत ठेवलं होतं. शाळेपासून मी फिरंगोजींच्या बाजूने होतो. त्या पहाटे पहिल्यांदा खानाचं दुःख कळलं.

मग मात्र अंगातला डिस्पॅचवाला जागा झाला. काउंटरवरच्या मुलीसमोर मी वही उघडली.

‘मॅडम, विमान लेट का?’

‘सर, येणारं विमान लेट आलं.’

‘ते लेट का आलं?’

‘तिकडून लेट सुटलं, सर.’

‘तिकडून लेट का सुटलं?’

‘तिकडे लेट पोचलं होतं.’

‘तिकडे लेट का पोचलं?’

‘काल इथून लेट सुटलं होतं, सर.’

‘आणि काल इथून लेट का सुटलं?’

‘सर, येणारं विमान लेट आलं होतं.’

पाच ‘का’ संपले होते आणि मी जिथून निघालो तिथेच उभा होतो. आमच्या ऑडिटमध्ये असं उत्तर लिहिलं तर ऑडिटर वही फेकून मारेल. पण त्या मुलीचे डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल झाले होते आणि तिला स्वतःला सँडविचसुद्धा मिळालेलं नव्हतं. मी डब्यातली एक दशमी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढे धरली. तिने इकडेतिकडे बघून पटकन घेतली. मूळ कारण राहूनच गेलं.

आखातातलं पुढचं विमान अर्थातच चुकलं. तिथे नऊ तास. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एअर कंडिशनर जोरात होता आणि खजूर महाग होते. घरून फोन आला, ‘अहो, पोचलात का?’ मी म्हटलं, ‘अर्ध्यात.’ ‘जेवलात का?’ म्हटलं, ‘कुपन होतं.’ यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

फ्रँकफर्टला मी पोचलो, बॅग पोचली नाही. पट्टा फिरत राहिला. माझ्याबरोबर एक बेवारस बाबागाडी तेवढी उरली. तक्रारीच्या खिडकीत त्यांनी बॅगांच्या चित्रांचा तक्ता पुढे केला : यातली तुमची कोणती? काळी, चाकांची. जगातल्या निम्म्या बॅगा काळ्या आणि चाकांच्याच असतात. खूण? हँडलला हिने जुन्या नऊवारीची किनार बांधली होती. तिच्यासाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता. आत काय? बारा ब्रॅकेट, दोन किलो भाकरवडी, गोडा मसाला, भाच्यासाठी मेतकूट. त्याने ‘मशीन पार्ट आणि पावडर’ असं लिहिलं आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

श्टुटगार्टला आगगाडीने गेलो. जर्मनीत घड्याळ रेल्वेवर लावतात ही आपली समजूत जुनी आहे. २०२४ साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या जेमतेम साडेबासष्ट गाड्या वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. मला ही माहिती आमच्या जर्मन गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची फार इच्छा होती. पण मी बसलेली गाडी नेमकी वेळेवर पोचली.

मीटिंगला मी दोन दिवसांच्या शर्टात आणि ब्रॅकेटशिवाय हजर झालो. परचेसवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तात्पुरता उपाय काय केला?’ मी म्हटलं, ‘संध्याकाळी शर्ट घेणार आहे.’ त्याने ते लिहून घेतलं. माणूस चांगला होता. नमुने कुरिअरने मागवायचं ठरलं आणि शर्टाला ४९ युरो पडले.

चिंचवडच्या काकांनी जाताना आणखी एक नियम सांगून ठेवला होता. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा कायदा. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास आणि तीन तासांच्या वर उशीर, तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई. मात्र विमान युरोपातून सुटलेलं हवं. युरोपात येणारं असेल तर कंपनी युरोपची हवी. म्हणजे जाताना मला एक दमडी नाही, येताना मात्र पूर्ण हक्क. परतीच्या दिवशी मी फ्रँकफर्टच्या गेटवर देव पाण्यात घालून बसलो होतो. विमान एक मिनिट लेट सुटलं नाही. आखातातलं मिळालं. मुंबईला तर वीस मिनिटं आधी उतरलं.

आखात ते मुंबई तीन तास. मुंबई ते निगडी सहा तास, कारण घाटात कंटेनर आडवा झाला होता. गाडीत बसल्या बसल्या फोन आला, आमचा टेम्पो चाकणला तळेगाव चौकात पाऊण तास उभा आहे. मी विचारलं, ‘का?’ ड्रायव्हर म्हणाला, ‘पुढचा हलंना, साहेब.’ पुढचे चार ‘का’ मी विचारलेच नाहीत.

आंतरराष्ट्रीय करारानुसार बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. माझी बॅग विसाव्या दिवशी निगडीच्या घरी आली. किनार शाबूत, ब्रॅकेट बाराच्या बारा. भाकरवडीचा चुरा झाला होता. तो आम्ही मिसळीवर घातला.

त्याच रात्री मी विमान कंपनीला आठही रकाने भरून एट-डी रिपोर्ट पाठवला. आठव्यात त्या काउंटरवरच्या मुलीचं अभिनंदन केलं. सोबत डेबिट नोट लावली : शर्ट ४९ युरो, कुरिअर, भाकरवडी. अकरा दिवसांनी उत्तर आलं की माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे.

तळेगाव चौकातल्या टेम्पोची डेबिट नोट मात्र दुसऱ्याच दिवशी आली होती. १८,४०० रुपये. ते त्याच महिन्याच्या पेमेंटमधून कापले गेले.