हिरव्या ठिपक्याची चावी

गेल्या मंगळवारी आमच्या कंपनीने 'घरून काम करताना वेळेचं नियोजन' या विषयावर वेबिनार ठेवला होता. दीड तास, संध्याकाळी साडेसात ते नऊ. हजेरी सक्तीची. पहिली बारा मिनिटं "माझा आवाज येतोय का?" या प्रश्नात गेली, कारण येत नव्हता.

व्याख्यात्याच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं, शेजारी मनी प्लँट. त्याच्या घराला दाराची बेल नसावी. दीड तासात एकदाही वाजली नाही. कुणी पडद्यामागून हातवारे करून "मीठ कुठंय?" असंही विचारलं नाही. असा माणूस वेळेबद्दल बोलणारच. समुद्र न बघितलेल्याने पोहायला शिकवावं तसं.

त्याने टोमॅटो सांगितला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात मन लागेना म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं. पुढे त्याची पद्धत ठरली ती अशी : २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, परत २५ मिनिटं काम. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ही पोमोदोरो पद्धत.

बुधवारी मी करून बघितली. बरोबर अकराला मोबाइलवर २५ मिनिटं लावली. चौथ्या मिनिटाला सासूबाई आल्या.

"कामात आहेस का गं?"

"हो आई."

"मग असू दे. नंतर सांगते." आणि तिथंच उभ्या राहिल्या. 'नंतर सांगते' म्हणून उभं राहिलेल्या माणसासमोर काम करून दाखवणारा इटालियन अजून जन्माला यायचाय.

नवव्या मिनिटाला बेल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं पार्सल. वहिनी ऑफिसला जातात, मी 'घरीच असते', म्हणून पत्त्यावर नाव त्यांचं आणि बेल आमची. डिलिव्हरीवाल्या मुलाला ओटीपी हवा होता. ओटीपी वहिनींच्या फोनवर. वहिनी मीटिंगमध्ये. मी दारात, मुलगा जिन्यात, पार्सल आमच्या दोघांच्या मधे. सतराव्या मिनिटाला ओटीपी आला आणि कुकरची पहिली शिट्टी झाली. पंचविसाव्या मिनिटाला गजर वाजला तेव्हा माझ्या ईमेलमध्ये 'डिअर टीम' एवढं लिहून झालं होतं. पुढचा स्वल्पविराम राहिला होता.

मग पाच मिनिटांची विश्रांती. तेवढ्यात कुकर उतरवला, वरणाला फोडणी दिली, दोरीवरचे कपडे आत घेतले. टोमॅटो घरात दोनच होते, ते सारात गेले.

नवराही घरूनच काम करतो, पण तो बेडरूममध्ये, दार लावून. त्या खोलीला घरात 'ऑफिस' म्हणतात. मी बसते त्या जागेला डायनिंग टेबल म्हणतात. त्याचा कॉल सुरू असला की घर कुजबुजतं. माझा सुरू असला की घर खुणा करतं. कुजबुज आणि खुणा यांत फरक आहे : खुणांना उत्तर द्यावं लागतं.

वेबिनारमध्ये पार्किन्सनसाहेबही आले. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहून ठेवलं की, जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगतं. उदाहरण एका म्हातारबाईंचं. त्यांना भाचीला पोस्टकार्ड पाठवायचंय. त्यात त्यांचा अख्खा दिवस जातो : कार्ड शोध, चष्मा शोध, पत्ता शोध, छत्री घ्यावी की नको. तेच काम एखादा कामाचा माणूस तीन मिनिटांत उरकेल, असं पार्किन्सन म्हणतात. उरकेल की. त्याची छत्री कुठं आहे हे दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असतं.

आता आमच्या घराचं वेळापत्रक कोण ठरवतं ते ऐका. अमेरिकेची संसद. आमचं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं. त्यांची सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागे करतात आणि कोथरूडमध्ये आमची मीटिंग साडेसातवर जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढे, परत साडेसहा. वर्षातून दोनदा सासूबाईंची मालिका, सासऱ्यांची गोळी आणि कणीक मळण्याची वेळ, सगळं सरकतं. "त्यांच्याकडे सूर्य उशिरा उगवतो, त्यात आपल्या पोळ्यांचा काय दोष?" हा सासूबाईंचा प्रश्न मी मीटिंगमध्ये मांडलेला नाही. मांडायला हवा.

घरून काम ही भानगड २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी गिरगावात चौकशी करावी. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तिथं लिज्जत पापड सुरू केलं. भगिनींनी सकाळी केंद्रावरून तिंबलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं. पापड तोलला की पैसे. मधल्या वेळात तुम्ही पोर न्हाऊ घातलंत, दुपारी डुलकी काढलीत की नणंदेच्या नावाने बोटं मोडलीत, विचारायला कुणी येत नाही. पापडाला काही विचारायचं असेल तर एवढंच : वाळला का? त्या बायकांना वेळेच्या नियोजनाचा वेबिनार कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. गरज काय? काम तागडीत पडत होतं.

आमचं काम तागडीत पडत नाही. मी दिवसभरात काय लाटलं ते संध्याकाळी मलाही धड सांगता येत नाही. तीन ईमेल, दोन तक्ते आणि एक 'लेट्स कनेक्ट टुमारो'. मग कंपनीने तोलायचं काय? तिने ठिपका तोलायला घेतला. कंपनीच्या चॅटच्या खिडकीत माझ्या नावाशेजारी ठिपका असतो. माउस हलत असेल तोवर हिरवा. पाच मिनिटं हात लावला नाही की पिवळा. पिवळा म्हणजे मी कामचुकार. मी त्या पाच मिनिटांत डोकं धरून त्याच तक्त्याचा विचार करत असेन, तरी पिवळीच. विचार करणारी बाई आणि झोपलेली बाई यांत ठिपक्याला फरक कळत नाही.

ठिपका तोलायचा म्हटल्यावर लोक ठिपकाच पिकवणार. माउस आपोआप हलवणारी यंत्रं ऑनलाइन मिळतात. २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं भासवणाऱ्या डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. घरून काम करणारा त्यात कुणी असेल तर त्याला आणखी कुठल्या घरी बसवलं, ते बातमीत नव्हतं.

मी यंत्र घेतलं नाही. आमच्याकडे सासऱ्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ आहे. पोटातला दिवा घड्याळाच्या काचेवर येईल असा माउस ठेवायचा. खालून सेकंदकाटा सरकतो, माउसला वाटतं आपणच चाललोय, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थरथरत राहतो. सकाळी चावी दिली की रात्रीपर्यंत मी 'उपलब्ध'. वेळेचं नियोजन घड्याळाशिवाय होत नाही, असं तो व्याख्याता म्हणालाच होता.

शुक्रवारी सासरे घड्याळ शोधत आले. टेबलाशी थांबले. माउस उचलला, खाली त्यांचं एचएमटी. आता खैर नाही, असं मला वाटलं. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, मस्टरवर लाल शेरा कधी पडला नाही असं सांगणारा. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. दोन-चार वेळा चावी पिळली. परत होतं तिथं ठेवून त्यावर माउस अलगद बसवला.

"आम्ही खुर्चीला कोट अडकवून जायचो," ते म्हणाले. "साहेबाला वाटायचं, आहे इथंच कुठंतरी."

मी हसले.

"पण आम्ही तेवढ्यात कोपऱ्यावर चहाला तरी जायचो. तू कुठं निघालीस?"

आतून तिसरी शिट्टी झाली होती. मी कुकर बंद करायला निघाले होते.