निळ्या बश्या जमवा, स्टीलच्या ताटात जेवा

जेवायला चालणार नाहीत अशा जुन्या, निळ्या छपाईच्या इंग्रजी ताटल्यांवर पगार उधळायचं ठरवलंत, अभिनंदन. शनिवारी सकाळी लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पोहोचा आणि पुढचं पाठ करा.

१. बशी हातात आली की आधी पालथी करा. चित्र फक्त नवखे बघतात. मागे 'इंग्लंड' छापलेलं दिसलं तर नाक मुरडा. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा करून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा ही बशी बहुधा त्यानंतरची, म्हणजे कालपरवाची. मागे काहीच नसेल तर मनातल्या मनात 'स्पोड!' (हा नामी कुंभार पुढच्या मुद्द्यात भेटेल) म्हणा. मोठ्याने नको, भाव चढतो.

२. आता कडेची नक्षी नखाने चाचपा. स्टॅफर्डशरच्या जोसाया स्पोडने १७८४ च्या सुमारास ही निळी छपाई नीट बसवली. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र पातळ कागदावर उतरवायचं, कागद एकदा भाजलेल्या बशीवर घासून बसवायचा, मग पाण्याने धुऊन काढायचा. शाई बशीवर राहते. वर काचेचा लेप, पुन्हा भट्टी. ती आच कोबाल्टचा निळा रंग झकास सोसतो, म्हणून सगळं निळं. पण कागदाची पट्टी गोल कडेवर नेमकी जुळायची नाही. कुठेतरी अर्धं फूल भलत्याच पानाला चिकटलेलं सापडतं. सापडलं की हरखून जा. नव्या बशीत हेच दिसलं असतं तर दुकानदाराशी भांडला असतात, पण ते दिवस गेले.

३. भाषा सुधारा. टवका उडालेला नसतो, 'वापराची खूण' असते. डाग म्हणजे 'वय'. भट्टीत शाई फुटून चित्र फिसकटलं असेल तर त्याला 'फ्लो ब्लू' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

४. 'विलो पॅटर्न' या चिनी धाटणीच्या नक्षीतले पळून जाणारे प्रेमिक, जुलमी बाप आणि दोन कबुतरं पाहुण्यांना दाखवाच. ही चीनची प्राचीन दंतकथा इंग्लंडमध्येच रचली गेली, तीही बश्या खपायला लागल्यावर. हे मात्र, पाहुणे गेल्यावर आठवा.

५. स्पोडची भारतीय शिकारमालिका दिसली तर सोडू नका. झाडावरचा आपला बिबट्या पौंड मोजून परत आणायची संधी वारंवार येत नाही.

६. सूपच्या भांड्याचं नुसतं झाकण मिळालं तरी घ्या. खालचं भांडं शोधायला उरलेलं आयुष्य आहेच. ते सापडेल तेव्हा अर्ध्या इंचाने मोठं निघेल. मग त्याच्या मापाचं झाकण शोधायला लागा.