आडवा बुद्ध, उभी सहल

बँकॉकच्या वाट फो मंदिरातला सोनेरी बुद्ध ४६ मीटर लांब पहुडलाय. त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत. ती बघायला जरा थांबावं लागतं. पण थांबतंय कोण? काकांना अख्खं कुटुंब आणि अख्खा बुद्ध एकाच फोटोत हवाय, आणि मधले खांब काही बाजूला सरकत नाहीत. तोवर काकू भिंतीलगतच्या १०८ पात्रांत एकेक नाणं टाकत निघाल्यात. पुण्य पदरात, चिल्लर मार्गी.

राजवाड्यात हाफपँट चालत नाही. म्हणून चिरंजीवांना हत्तीछाप पायजमा घेतला गेला. राजवाडा त्या पायजम्याच्या मागे कुठेतरी फोटोत आहे.

खरं तीर्थक्षेत्र प्रतुनामचा कपडेबाजार. सकाळपासून दुखणारे काकूंचे गुडघे इथे पाऊल टाकताच ठणठणीत! दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर ३०० दाबते. काकू ते पुसून १०० दाबतात. ती हसते, २५०. काकू चार पावलं निघून जाण्याचं नाटक करतात. (नाट्यशिक्षण: तुळशीबाग.) अखेर १५० वर जमतं. ‘‘तीन घेतले तर?’’ हे मात्र शुद्ध मराठीत, आणि तिला ते बरोब्बर कळतं.

रात्री हॉटेलात बॅग उचलून काका फर्मान काढतात, ‘‘उरलेली भाकरवडी आत्ताच संपवा. विमानात जादा वजनाचे पैसे मी भरणार नाही!’’