माझी पॉशगिरी

शब्दांच्या जन्मकथा सांगायची मला खोड आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी 'श्रीखंड' एवढे जरी म्हणाले, तरी शेजारचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहून जागा बदलतो, इतकी ती आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. माझ्या भात्यातला हुकमी बाण म्हणजे 'पॉश'. कारण त्यात समुद्र आहे, बोट आहे, साहेब आहे आणि शेवटी मुंबई येते.

कथा अशी. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला आणि विलायतेहून मुंबईला यायला तांबड्या समुद्राचा रस्ता सुरू झाला. पी अँड ओ कंपनीच्या बोटी, आत कोंदट केबिनी, बाहेर भाजून काढणारे ऊन. बोट पूर्वेकडे निघाली की तिची उजवी बाजू दक्षिणेला, म्हणजे उन्हाची. डावी उत्तरेला, म्हणजे सावलीची. परतताना सगळे उलटे. म्हणून पैसेवाले साहेब येताना डावीकडची आणि घरी जाताना उजवीकडची केबिन घेत. दर्यावर्दी भाषेत डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. 'पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम'. अशा बड्या उतारूंच्या तिकिटावर या शब्दांची आद्याक्षरे उमटवत: पी, ओ, एस, एच. झाला पॉश! तोही जांभळ्या शाईत. जांभळ्या शाईपाशी मी आवाज खाली आणतो. ऐकणाऱ्याला वाटते, शिक्का मारताना हा गृहस्थ तिथे उभा असावा.

या ज्ञानाचे चीज व्हायची संधी ऑफिसात आली. 'शुक्रवारी पॉश सेशन, उपस्थिती अनिवार्य' अशी मेल. मेल पुढेही होती, पण मी विषयाच्या ओळीवर थांबलो. मला वाटले, आता परदेशी पाहुणे येणार, म्हणून आम्हाला काटे-चमचे आणि टायची गाठ शिकवणार. लग्नातला ब्लेझर बाहेर काढला. त्याचे बटण आणि काजे यांची भेट पूर्वी सहज होत असे. आता श्वास रोखून घडवून आणावी लागली. सभागृहात बाकी सगळे रोजच्या शर्टात पाहून मला त्यांची कीव आली.

व्यासपीठावर एक वकीलबाई होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पॉश म्हणजे काय, कोणी सांगेल?"

असा प्रश्न आयुष्यात एकदाच येतो. मी उभा राहिलो. सुएझ, तांबडा समुद्र, सावली, जांभळी शाई, काही सोडले नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खोकला काढला. तो मी दाद समजलो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान. पण आज आपल्याला बोटीत बसायचं नाहीये." मग पडद्यावर पूर्ण नाव आले. प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा 2013 चा कायदा. त्याआधी 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात घालून दिलेली तत्त्वे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष महिलाच हवी. बाई इतक्या नेमकेपणाने बोलल्या की पुढचा वेळ मी ब्लेझर काढून मांडीवर घेतला आणि निमूटपणे टिपणे काढली. महत्त्वाचा विषय होता आणि सगळ्या सभागृहात त्यासाठी नटून आलेला मी एकटा होतो.

तरी मनातून मी खचलो नव्हतो. प्रसंग चुकला असेल, पण कथा तर खरी होती!

ती आमच्या सोसायटीच्या भूमिपूजनाला बुडाली. जुनी इमारत पाडून नवी होणार, बिल्डरच्या पत्रकावर ठळक अक्षरात 'पॉश लिव्हिंग'. चार शब्द बोलायचा आग्रह झाला. आग्रह एकट्या माझाच होता, पण झाला. मी बोट मुंबईला आणून लावली, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे कॅप्टनसाहेब उठले. उभा जन्म व्यापारी जहाजांवर गेलेला माणूस.

"महिना कोणता?" त्यांनी विचारले.

"कशाचा?"

"बोट एडनहून मुंबईला येतेय. महिना कोणता? शून्य सावलीचा दिवस ऐकलाय ना? मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेला असतो. म्हणजे त्या दिवसांत ऊन तुमच्या डावीकडच्या साहेबाला. शिवाय नैर्ऋत्य मोसमी वारा येतो उजवीकडून. आणि तांबड्या समुद्रात बोट जाते आग्नेयेला, तिथे सकाळचं ऊन डावीकडेच. मग साहेबानं जास्तीचे पैसे मोजले कशाला?"

मी बिल्डरकडे पाहिले. तो पत्रकातले ठळक शब्द हाताने झाकत होता.

"आणि तिकीट?" कॅप्टनसाहेब थांबायला तयार नव्हते. "हजारो माणसं त्या बोटींनी गेली-आली. लोकांनी मेनूकार्डंसुद्धा जपून ठेवलीत. पण तो शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. कंपनीच्या दफ्तरातही नाही. अहो, सावरकरांची मोरिया पी अँड ओचीच. पी अँड ओच्या बोटीचा झरोका मराठी माणसाला ठाऊक आहे तो 1910 च्या मार्सेलिसच्या उडीमुळे. सावलीसाठी नव्हे!"

या वेळच्या टाळ्या जास्त जोरात होत्या. नारळ वाढवायचे काम त्यांच्याकडेच गेले.

बोट बुडाली म्हणून काय झाले, मी फळी धरली. रात्री गादीवर बसलो होतो आणि एकदम प्रकाश पडला. पलंगपोस! पोशाख! सफेदपोश! फारसीतला 'पोश' म्हणजे पांघरलेले, नेसलेले. पांढरे स्वच्छ कपडे घालणारा तो सफेदपोश. साहेबाने अर्धा शब्द उचलला आणि विलायतेला नेला. मी तिथल्या तिथे लीड्सला शिकणाऱ्या भाचीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तिच्या जेवणाची वेळ होती. इथे चादर उचलून मी तिला पुरावा दाखवला.

"मामा, ही कल्पनाही जुनीच आहे," ती घास गिळत म्हणाली. "आणि तिलाही पुरावा नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोशसुद्धा मूळ अनिश्चित म्हणतो. पण जास्त वजन कशाला आहे, सांगू? अर्ध्या पेनीला."

मग तिने जे सांगितले, त्याने माझ्या साहेबाचा कोट उतरला. रोमानी भाषेत 'पाश' किंवा 'पोश' म्हणजे अर्धा. त्यावरून एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरट्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धी पेनी, मग कुठलाही पैसा. 1890 च्या सुमाराच्या बोलीकोशात पैशाबरोबर दुसरा अर्थही येतो: छानछोकी करणारा माणूस. 1892 च्या 'द डायरी ऑफ अ नोबडी' या विनोदी कादंबरीत मरी पॉश नावाचा एक श्रीमंत इसम आहे. त्याचा धंदा तीन शिलिंगांच्या टोप्यांचा. वुडहाउसने 1903 च्या पुस्तकात एका भपकेदार वेस्टकोटला 'पुश' म्हटले आहे. तोच हा शब्द की दुसरा, यावर अभ्यासक अजून भांडतात. 1914 मध्ये घोडदळातल्या शिपायांच्या ऐटबाज कपड्यांसाठी तो विशेषण म्हणून छापलेला सापडतो. 1918 साली 'पंच' साप्ताहिकाच्या व्यंगचित्रात विमानदलातला पोरगेला अधिकारी आईशी बोलताना तो वापरतो. आणि बोटीची कथा? ती छापून यायला लागली 1930 च्या दशकात. शब्द कपड्यालत्त्यासह रुळून गेल्यावर मागाहून कोणीतरी त्याला केबिन मिळवून दिली.

मी मात्र 'रोमानी'पाशीच अडकलो होतो. "म्हणजे रोमा लोकांचे पूर्वज आपल्याकडून गेलेले! संस्कृत पार्श्व, बाजू, अर्धी बाजू, पाश... अगं, शब्द आपलाच!"

"मामा," ती म्हणाली, "तू चादर खाली ठेव आधी."

"बरं, पण आमची सोसायटी पॉश झाली की तू ये राहायला."

"इथे असं कुणाला तोंडावर म्हणू नकोस हं. तुमच्याकडे पॉश म्हणजे निव्वळ कौतुक. पॉश एरिया, पॉश शाळा, पॉश हॉटेल. इथे त्याला टोचणी असते. वाडवडिलांच्या पैशावर मोठा झालेला, नाकातून बोलणारा, जमिनीवर पाय नसलेला माणूस. 2012 मध्ये पंतप्रधान कॅमेरन आणि त्यांच्या अर्थमंत्र्यांवर त्यांच्याच पक्षातल्या एका खासदारबाईंनी जाहीर तोफ डागली होती, की ही दोन पॉश पोरं, यांना दुधाचा भावसुद्धा माहीत नाही."

"शोभतं का पंतप्रधानाला!" मी कळवळून म्हणालो. "दुधाचा भाव माहीत नाही म्हणजे काय?"

स्वयंपाकघरातून भांडी वाजायची थांबली. हिने दारातून विचारले, "अहो, आपली अर्ध्या लिटरची पिशवी केवढ्याला येते?"

मी आकडा सांगितला. फोनमध्ये भाची हसत सुटली. ती परदेशात राहते, पण तिलासुद्धा तो भाव आपल्या लहानपणीचा आहे हे कळले.

"झालं तर मग," ही म्हणाली, "कशाला हवीय नवी बिल्डिंग? आहात की तुम्ही पॉश!"