काजवे कसे पाहावेत : नवशिक्यांसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

जपानमधल्या साप्पोरो शहरात दर हिवाळ्यात ओदोरी उद्यानात दिव्यांची आरास करतात. १९८१ साली १,०४८ दिव्यांवर सुरू झालेली ही हौस आता अख्ख्या शहराची झाली आहे. माणसे बर्फ तुडवत दिवे बघतात आणि मग एखाद्या गल्लीत शिरून वाफाळत्या रामेनचा वाडगा पुढ्यात ओढतात. या सुखासाठी पासपोर्ट, व्हिसा, लोकरी मोजे आणि बऱ्यापैकी पगार लागतो.

रोषणाई आणि बाहेरचे जेवण हे दोन्ही कार्यक्रम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही होतात. ठिकाण : अकोले तालुका, भंडारदऱ्याचा परिसर. फरक एवढाच, की इथला मोसम थंडीचा नसून पावसाच्या तोंडावरचा आहे आणि दिवे लावणाऱ्यांना सहा पाय आहेत. पुढील सूचना क्रमाने वाचाव्यात. एखादी पायरी गाळल्यास होणाऱ्या परिणामांना वाचक स्वतः जबाबदार राहील.

१. यजमानांची ओळख

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गोतावळ्यातला कीटक. जगात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज नावाच्या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की हिरवट-पिवळा उजेड पडतो. या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच. महावितरणचा यात काही संबंध येत नाही, त्यामुळे भारनियमनाची चौकशी करू नये.

हा खटाटोप पर्यटन वाढावे म्हणून चाललेला नाही. नर लुकलुकून आपली ओळख सांगतो आणि मादीला तो पसंत पडला तर ती आपल्या उजेडाने उत्तर देते. थोडक्यात, हा वधूवर मेळावा आहे आणि त्याच्या पत्रिकेत आपले नाव नाही. नवशिक्याने एवढी एकच गोष्ट पाठ केली तरी बाकीची मार्गदर्शिका न वाचता चालेल. पण ती पाठ होत नाही, म्हणूनच पुढची पाने.

काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात जाते. तिथे तो गोगलगायी आणि गांडुळांवर ताव मारतो. पंख फुटल्यावर हाताशी मोजके आठवडे उरतात आणि बऱ्याच जातींचे काजवे तेवढ्या दिवसांत फारसे काही खातही नाहीत. यजमानांचा कडक उपास चालू असताना पाहुणे अर्धी-अर्धी कोंबडी संपवतात. याला इलाज नाही, पण निदान आवाज कमी करून जेवावे.

२. मुहूर्त

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. ज्यांना इंग्रजी तारखा लक्षात राहत नाहीत त्यांनी रोहिणी आणि मृग ही दोन नक्षत्रे ध्यानात ठेवावीत. वळवाच्या सरी पडून गेलेल्या असाव्यात, हवा दमट असावी, वारा पडलेला असावा. धो-धो पाऊस लागला की कार्यक्रम आटोपतो आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. अमावास्येच्या आगेमागे जाणे सर्वांत बरे. पौर्णिमेला चंद्र सगळा भाव खाऊन जातो.

नवशिक्यांचा लाडका मुहूर्त मात्र शनिवार संध्याकाळ हा असतो. त्या संध्याकाळी शेंडी गावाच्या अलीकडे दिव्यांची लांबच लांब माळ दिसते. तिला पाहून हुरळू नये. ओळखण्याची खूण सोपी आहे : दिवा लाल असेल आणि अर्धा तास एकाच जागी असेल तर ती पुढची गाडी, हिरवट-पिवळा असेल आणि लुकलुकत असेल तर काजवा. मंगळवारी किंवा बुधवारी गेल्यास हा अभ्यास करावा लागत नाही.

३. साहित्य

अंधार : भरपूर. घरून न्यावा लागत नाही, पण तिथला वापरताना सांडू नये.

मोबाइल : प्रत्येकी एक, खिशात, बंद.

बॅटरी : एक, छोटी. काचेवर लाल जिलेटीन कागद लावलेली, आणि फक्त पायापुरती.

कपडे : पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि बंद बूट. पावसाच्या तोंडावर जनावर वाटेवर येते आणि त्याला आपल्या सुट्टीची कल्पना नसते.

रोख पैसे : सुटे. डोंगराच्या आडोशाला रेंज जाते आणि मग जेवण वाढणाऱ्या मावशींसमोर मोबाइल आकाशाकडे धरून उभे राहावे लागते.

आणायचे नाही ते : ब्लूटूथ स्पीकर, ड्रोन, डासांवर मारायचा फवारा आणि काचेची रिकामी बाटली. फवाऱ्याला डास आणि काजवा यांतला फरक कळत नाही. बाटलीचे कारण शंकासमाधानात दिले आहे.

४. प्रवास

मुंबईकरांनी कसारा घाट चढून घोटीवरून बारीमार्गे यावे. पुणेकरांनी संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता धरावा. राजूरला पेढे घेण्यासाठी थांबणे हे विषयांतर धरले जात नाही. नगर शहरातल्या मंडळींनी 'आपल्याच जिल्ह्यात तर जायचंय' असे म्हणत जेवून दुपारी निवांत निघू नये. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याच्या पूर्वेच्या गावांत टँकरची वाट बघतात आणि पश्चिम टोकाच्या घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. काजव्यांना ओल लागते, म्हणून त्यांनी पश्चिम टोक निवडले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

उजेड असतानाच पोहोचावे. त्याचे खास कारण आहे. नवशिक्याच्या हाताला फोटोची खाज असते आणि ती दिवसाउजेडी भागवून घेतलेली बरी. त्यासाठी प्रवरेवरचे विल्सन धरण आहे. त्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. पलीकडे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आहे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आहे. यांपैकी कोणीही फ्लॅशने विचलित होत नाही. सूर्य मावळेपर्यंत मनसोक्त फोटो काढावेत आणि मग मोबाइलला रजा द्यावी.

५. कृती

एक. नाक्यावर पावती फाडावी. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. 'आम्ही फक्त बघायला आलोय' ही सबब चालत नाही, कारण तिथे सगळेच फक्त बघायला येतात. वनखात्याने परतीची जी वेळ सांगितली असेल ती लिहून घ्यावी.

दोन. गाडी सांगितलेल्या जागी लावावी आणि तिचे सगळे दिवे विझवावेत. पार्किंगचे दिवे मिचकावत ठेवण्याची पद्धत शहरात सोडून यावी. बिचाऱ्या माद्यांनी मनावर घेतले तर पंचाईत होईल.

तीन. गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. कालपर्यंत काजवे कुठल्या झाडावर होते आणि आज कुठे आहेत हे त्याला ठाऊक असते. तो 'दादा, इथून पुढे नको' म्हणाला, की इथून पुढे जाऊ नये. ही पायरी सोपी वाटते, पण नापास होणारे बहुतेक जण इथेच होतात.

चार. पायवाटेवरच उभे राहावे. पायाखालच्या गवतात आणि पाचोळ्यात पुढच्या वर्षीची रोषणाई अंड्यांच्या रूपात असते.

पाच. वीस मिनिटे काहीही करू नये. डोळे अंधाराला सरावायला एवढा वेळ घेतात. या वीस मिनिटांत कोणी एकदाही मोबाइल उघडून मेसेज बघितला, तर सरावलेले डोळे पुन्हा बिघडतात आणि घड्याळ शून्यापासून सुरू होते. अशा नातेवाइकाला पुढच्या वेळी महाबळेश्वरला पाठवावे.

सहा. आता सादडा, हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांकडे बघावे. सुरुवातीला दोन-चार ठिपके, मग एक फांदी. फांदीवरची लुकलुक शेजारच्या फांदीला लागते, तिथून शेंड्याला जाते आणि बघता बघता अख्खे झाड एकदम उजळते. लगेच सगळे विझते. पुन्हा उजळते. हे शिकवलेले नाही, याला संचालक नाही आणि मध्यंतरही नाही.

सात. या क्षणी 'अगं बाई' किंवा 'आयला' यांपैकी एक उद्गार एकदाच आणि हळू आवाजात काढण्याची परवानगी आहे. टाळ्या वाजवू नयेत.

६. जेवण

खरी हॉटेलेही आहेत आणि सरोवराकाठी पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही आहे. पण नवशिक्याने पहिले जेवण गावातल्या घरी घ्यावे. त्याची रीत अशी.

जेवणाचे आल्याआल्याच सांगून ठेवावे. रात्री काजवे बघून झाल्यावर 'मावशी, सात जणांचं होईल का?' असे विचारणे म्हणजे विझलेली चूल पुन्हा पेटवायला लावणे. मेन्यूकार्ड मागू नये. मावशी बोलतील तेच मेन्यूकार्ड. त्यात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा, गावठी कोंबडीचा रस्सा आणि मिळाले तर धरणातले मासे असतात. हुलग्याचे शेंगोळे आहेत का, हे मात्र आवर्जून विचारावे. हुलग्याच्या पिठाचे हाताने वळलेले हे वेढे लसणाच्या झणझणीत रश्शात शिजतात. साप्पोरोच्या रामेनला अकोले तालुक्याने दिलेले हे उत्तर आहे आणि त्याला काड्या लागत नाहीत.

'पनीर आहे का?' हा प्रश्न विचारू नये. ज्या तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि त्यासाठी २०२० साली पद्मश्री मिळवली, तिथे येऊन पनीर मागणे बरे दिसत नाही. त्याऐवजी भात वाढून घ्यावा, तो कुठल्या वाणाचा आहे ते विचारावे आणि सांगितलेले ऐकावे. जेवणानंतर करवंदे आणि जांभळे. दर ठरलेला असेल तेवढा द्यावा. नाचणीच्या भाकरीसाठी घासाघीस करणारा माणूस त्याच आठवड्यात शहरात दीडशे रुपयांची कॉफी मुकाट्याने प्यायलेला असतो.

७. शंकासमाधान

शंका : फोटोत तर हजारो काजवे दिसतात. मला तसे का दिसत नाहीत?
समाधान : ते फोटो तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, बराच वेळ भिंग उघडे ठेवून काढलेले आणि एकावर एक रचलेले असतात. मोबाइलच्या फ्लॅशने मिळेल तो झाडाच्या बुंध्याचा फोटो, शेजारी डोळे मिटलेला मेव्हणा.

शंका : मुलांसाठी दोनच काजवे बाटलीतून आणले तर?
समाधान : त्यांच्याकडे मोजके आठवडे आहेत आणि त्यांना लग्न जमवायचे आहे. बाटलीत ते जमत नाही. मुलांना सोबत न्यावे, बाटली न्यावी लागणार नाही.

शंका : आमच्या लहानपणी घराच्या अंगणातही काजवे यायचे. आता का येत नाहीत?
समाधान : अंगणात आता रात्रभर जळणारा एलईडी आहे. नराचा उजेड मादीला दिसला नाही तर पुढची पिढी होत नाही. शिवाय तोडलेली झाडे, कीटकनाशके आणि सिमेंटने झाकलेली ओली माती. अळीला राहायला जागाच उरली नाही.

शंका : मग जपानच बरे नाही का?
समाधान : जपानी माणसेही जूनमध्ये काजवे बघायला जातात. नागानो प्रांतातल्या तात्सुनो गावात त्यांचा महोत्सवच भरतो. हिवाळ्यातल्या विजेच्या रोषणाईला कॅमेरा घेऊन जायचे आणि जूनमधल्या रोषणाईला फ्लॅश बंद करून जायचे, एवढा भेद त्यांना कळतो. आपल्याला तो कळायला व्हिसा लागू नये.

८. उत्तीर्ण होण्याची अट

या विषयाची परीक्षा काजवे घेतात आणि निकाल पुढच्या वर्षी त्याच झाडावर लागतो. तुम्ही आलात आणि गेलात हे त्यांच्या ध्यानातही आले नाही, तर तुम्ही पहिल्या श्रेणीत पास. तेव्हा येत्या रोहिणीत जायचे असेल तर मधल्या वारी जा, मोजकी माणसे घेऊन जा, गावात जेवा, पैसे रोख द्या. आणि शेंडी ओलांडल्यावर गाडी लावली, की कोणी सांगायची वाट न बघता हेडलाइट विझवा.